माकडताप, गोचीड आणि अंगावरचे पुरळ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

काजूच्या हंगामात घरात कुणाला ताप आला की आम्ही धास्तावतो. माकडताप आहे की साधा ताप, हे सुरुवातीलाच कसं ओळखायचं? (बांदा परिसरातील वाचक)

तुमची धास्ती अनाठायी नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, गोचिडाच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या माकडतापाचा हा विषाणू २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात आढळला.

नुसत्या लक्षणांवरून खात्री देता येत नाही, पण संशय घेण्याइतक्या खुणा पहिल्याच दिवशी दिसतात. हा ताप हळूहळू चढत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून पडतो. कपाळ ठणकतं, मान, कंबर आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की उठून बसवत नाही. डोळे लाल होतात, उजेड नकोसा वाटतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं.

अशा वेळी स्वतःला तीन गोष्टी विचारा. महिना कोणता? डिसेंबर ते मे हा या तापाचा काळ, कारण माणसाला चावणारी गोचिडाची पिल्लं याच दिवसांत पालापाचोळ्यात असतात. रुग्ण गेल्या तीन ते आठ दिवसांत कुठे गेला होता? काजूची बाग, लाकूडफाटा, पातेरा (वाळलेला पालापाचोळा) गोळा करणं, गुरं चारणं, यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि आसपास माकड किंवा वानर मरून पडलं होतं का?

‘गोचीड चावलाच नाही’ या उत्तरावर मात्र कुणी विसंबू नये. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, त्याचा चावा दुखत नाही. पातेरा घरी आणून गोठ्यात पसरला असेल, तर जंगलात न गेलेल्या माणसालाही ते चावू शकतं.

चूक होते ती रक्ततपासणीत. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यूची तपासणी होते, ती निगेटिव्ह आली की ‘व्हायरल’ म्हणून रुग्ण घरी जातो. तिथेच थांबू नका. तापाच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर तपासणी उपयोगी पडते. आठवडाभरानंतर ती निगेटिव्ह येऊ शकते, मग आयजीएम प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती द्रव्यं) तपासावी लागतात. म्हणून नमुन्यासोबत ताप सुरू झाल्याची तारीख लिहिली गेली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात माकडतापाचा संशय स्पष्ट शब्दांत बोलून दाखवा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं नाही. दहातल्या एक-दोन रुग्णांना एक-दोन आठवडे बरे गेल्यावर ताप उलटतो आणि तो मेंदूवर जातो. तीव्र डोकेदुखी, मान ताठ होणं, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं किंवा नीट न दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. पहिले तीन आठवडे रुग्णाला बागेत पाठवू नका आणि एकटंही ठेवू नका.

या विषाणूवर नेमकं औषध नाही. पुरेसं पाणी, सलाईन आणि पॅरासिटामॉल यांवरच भर असतो. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही, तेव्हा रुग्णाची सेवा करायला घाबरू नका.

पोटऱ्या दुखणं आणि लाल डोळे लेप्टोमध्येही असतात ना?

असतात. पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) प्रामुख्याने पावसाळ्यात, चिखल-पाण्यात काम केल्यावर होतो. त्यात कावीळ आणि लघवी कमी होणं दिसू शकतं. त्यावर प्रतिजैविकं चालतात, म्हणून शंका असेल तर डॉक्टर दोन्ही तपासण्या करतात.

अंगाला गोचीड चिकटलेला दिसला तर काय करावं? आमच्याकडे चुना लावतात.

चुना, तंबाखू, रॉकेल, खोबरेल तेल, पेटती काडी, काहीही नको. त्रास दिला की गोचीड पोटातला द्रव जखमेत ओकण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तोंडाकडचा भाग पकडा आणि न पिळता, हिसका न देता सरळ वर ओढा. पोटाला धरू नका. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने कोरू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा. नखाने चिरडू नका. जनावरांच्या गोचिडातून क्रिमियन-काँगो ताप हा दुसरा विषाणूजन्य ताप असाही लागतो (२०११ मध्ये गुजरातेत त्याने डॉक्टर आणि परिचारिकेचाही बळी घेतला). तारीख कॅलेंडरवर लिहा आणि दोन आठवडे तापावर लक्ष ठेवा.

आमच्या सात वर्षांच्या मुलाला चार दिवस ताप आहे, आता तळहात-तळपायांवर लाल ठिपके आलेत. घरात कुत्रा आहे. गोवर असेल का? (पुणे)

हा अंक हाती येण्याची वाट पाहू नये म्हणून तुम्हाला तातडीने कळवलं आहेच. इतर पालकांसाठी इथे लिहितो. गोवराचं पुरळ कानामागे आणि चेहऱ्यावर सुरू होऊन खाली उतरतं, सोबत खोकला आणि नाक गळणं असतं. पुरळ मनगट-घोट्यांपासून सुरू होऊन तळहात-तळपायांवरही आलं, तर कुत्र्याच्या तपकिरी गोचिडातून होणारा रिकेट्सिया या जिवाणूचा ताप मनात आणावाच लागतो. पावलं सुजणं, ठिपके जांभळे होणं, कानाची पाळी किंवा बोटांची टोकं काळी पडणं ही गंभीर चिन्हं आहेत. चाव्याच्या जागी काळी खपली शोधतात, पण आपल्याकडे ती पुष्कळदा नसतेच.

इथे वेळ वाया घालवणं जिवावर बेतू शकतं. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन गटातली औषधं यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, आणि संशय पक्का असेल तर रिपोर्ट येण्याआधीच बालरोगतज्ज्ञ ते सुरू करतात. लहान मुलांचे दात पिवळे होतील ही भीती थोड्या दिवसांच्या उपचारात आड येऊ देऊ नये. साधारण दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. वेल-फेलिक्स ही या तापाची रक्ततपासणी सुरुवातीला निगेटिव्ह आली म्हणून औषध अर्ध्यावर थांबवू नका.

मुलगी न्यू जर्सीत असते. तिथल्या लाइम रोगाचं पुरळ ‘नेमबाजीच्या चक्रासारखं’ असतं म्हणे.

नेहमी नाही. लाइम हाही गोचिडाच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत ५ सेंटिमीटरहून मोठा, पसरत जाणारा डाग उठतो. तो दुखत नाही, खाजही फारशी येत नाही. मध्ये पांढरट कडं असेलच असं नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता मुका मार लागल्यासारखा जांभळट दिसतो. डागाच्या कडेला पेनाने रेघ मारून दुसऱ्या दिवशी पाहा, तो रेघेबाहेर गेला तर डॉक्टरांना दाखवा. पहिल्या आठवड्यांत रक्ततपासणी बहुधा निगेटिव्ह येते, त्यामुळे डाग पाहूनच उपचार करतात.

मेलेलं माकड दिसलं तर पुरून टाकावं का?

हात लावू नका, जवळही जाऊ नका. माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरून नवं शरीर शोधतात. त्या वाटेने मुलांना आणि गुरांना पाठवू नका. नेमकी जागा वनविभागाला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. शवाची विल्हेवाट आणि आसपासची फवारणी त्यांची माणसं संरक्षक कपडे घालून करतात.