बटण दाबलं म्हणजे कळलं का?

प्रश्न: आमच्या नाशिकच्या छोट्या विज्ञान दालनात नाडी मोजायचं मशीन ठेवलंय, दोन दांडे धरले की स्क्रीनवर ठोके दिसतात. गर्दी भरपूर असते, पण लोकांना काही समजतं का हे कसं ओळखायचं? – एक स्वयंसेविका, गंगापूर रोड

उत्तर: ताई, गर्दी मोजून ते नाही कळणार. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एडवर्ड रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच संग्रहालयात आलेल्या लोकांवर गुपचूप नजर ठेवून कोण कुठे किती वेळ थांबतो ते घड्याळ लावून टिपलं होतं, तेच करा, घड्याळ आणि वही घेऊन कोपऱ्यात बसा, दर तिसरा माणूस निवडा (नाहीतर आपण नकळत हौशी पोरंच निवडतो), किती सेकंद थांबला, दांडे पूर्ण वेळ धरले की मधेच सोडले, पाटी वाचली का, सोबतच्याशी काय बोलला. शनिवार-रविवार आणि शाळेची सहल वेगळी धरा हं, सहलीत पोरं नुसती ढकलाढकली करतात.

मग बाहेर पडताना विचारा, "आत्ता काय बघितलंत, तुमच्या शब्दांत सांगा". "आवडलं का" नको, सगळे हो म्हणतात! बसल्याजागी ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात, पण ९५ दिसले की आजी घाबरते, असं कोणी घाबरलं तर तेही लिहा, मला तर तीच नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मग पाटी बदलावी लागेल.