वाचकांचे प्रश्न : स्टोरेज एक, संकलक चार

प्रश्न : आम्ही चार व्हिडिओ संकलक एकाच नेटवर्क स्टोरेजवर (नेटवर्कने जोडलेल्या सामाईक साठवणीवर) काम करतो आणि सर्वांना सर्व फोल्डरांत लिहिण्याची मुभा आहे. अलीकडे दोघांनी एकाच वेळी प्रीमिअर या संकलन सॉफ्टवेअरचे एकच प्रोजेक्ट उघडले आणि एकाचे दिवसभराचे काम दुसऱ्याने सेव्ह केल्यावर नाहीसे झाले. परवानग्या बदलल्या तर हे टळेल का?

उत्तर : केवळ परवानग्या बदलून टळणार नाही. कोणी कोणत्या फोल्डरात लिहावे, एवढेच परवानगी ठरवते. ती फाइल त्या क्षणी आणखी कोणी उघडून बसले आहे का, हे ती पाहत नाही. तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांना लिहिण्याचा अधिकार रीतसर होता. प्रोजेक्ट उघडल्यावर त्याची प्रत संगणकाच्या मेमरीत जाते आणि सेव्ह करताना संपूर्ण फाइल नव्याने लिहिली जाते, त्यामुळे ज्याने शेवटी सेव्ह केले त्याचेच काम उरले.

यावर उपाय लॉकचा, आणि तो संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो. प्रीमिअरमध्ये 2020 साली आलेल्या प्रॉडक्शन्स सुविधेत मोठे काम अनेक लहान प्रोजेक्टांत विभागता येते. प्रत्येक संकलकाने सेटिंगमध्ये आपले नाव देऊन प्रोजेक्ट लॉकिंग सुरू केले, की एकाने उघडलेले प्रोजेक्ट इतरांना फक्त पाहता येते. एव्हिड मीडिया कंपोझर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम बिनच्या (क्लिप ठेवण्याच्या कप्प्याच्या) पातळीवर होते आणि दुसऱ्याच्या ताब्यातील बिनवर लाल कुलूप दिसते, मात्र त्यासाठी एव्हिडचे नेक्सिस हे स्टोरेज किंवा बिन लॉकिंग सांभाळू शकणारे स्टोरेज लागते. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट सामाईक पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवता येते, आणि मग तेथे एकाच प्रोजेक्टमध्ये बिन व टाइमलाइन वाटून घेऊन अनेकांना एकाच वेळी काम करता येते. संगणक मध्येच बंद पडला, तर प्रीमिअरच्या प्रोजेक्टशेजारची छोटी लॉक फाइल कधी कधी तशीच मागे राहते. ती काढण्याआधी संबंधित व्यक्तीने प्रोजेक्ट खरोखर बंद केले आहे ना, हे तिलाच विचारावे. अंदाजाने ती फाइल पुसणारा माणूस लॉकचा सारा उपयोगच घालवून बसतो.

परवानग्यांचे खरे काम मूळ फुटेजपाशी आहे. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींना संकलकाने हात लावण्याचे काहीच कारण नाही. त्या फोल्डरात लिहिण्याचा अधिकार फुटेज उतरवणाऱ्या एकाच खात्याला द्यावा आणि इतरांना तो फक्त वाचता यावा. प्रोजेक्ट, ग्राफिक्स व रेंडर (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या चित्रफिती) यांचे फोल्डर मात्र सर्वांना लिहिण्यासाठी खुले असावेत. अधिकार व्यक्तींच्या नावे न देता गटाच्या नावे द्यावेत, म्हणजे माणूस बदलला की गटातील एक नाव बदलून भागते. मीडिया कॅशे (सॉफ्टवेअर स्वतःच बनवते त्या तात्पुरत्या फाइली) प्रत्येकाच्या संगणकावरील एसएसडीवर ठेवावा, कारण त्यातील असंख्य बारीक फाइलींची ये-जा सामाईक स्टोरेजवर विनाकारण भार टाकते.

प्रश्न : आमच्यापैकी फक्त एका मॅकवर तेच प्रोजेक्ट उघडले की सर्व मीडिया ऑफलाइन (म्हणजे सापडत नसलेले) दिसते, पण फाइली तर जागेवरच असतात. असे का?

उत्तर : बहुधा पत्ता बदललेला आहे. मॅकवर जोडलेला व्हॉल्यूम (म्हणजे ते स्टोरेज) ‘व्हॉल्यूम्स’ या फोल्डरात दिसतो. आधीच्या जोडणीचा त्याच नावाचा रिकामा फोल्डर तेथे उरला असेल, तर नव्या जोडणीच्या नावापुढे उणेचिन्ह व 1 लागते, आणि प्रोजेक्ट जुन्याच पत्त्यावर शोध घेत राहते. अशा वेळी रीलिंक (फाइली शोधून प्रोजेक्टला पुन्हा जोडणे) करत बसू नये. केलेच तर चुकीचा पत्ता प्रोजेक्टमध्ये नोंदला जाईल आणि उद्या इतर तिघांकडे मीडिया ऑफलाइन दिसेल. व्हॉल्यूम काढून, उरलेला फोल्डर खरोखर रिकामा असल्याची खात्री करून तो पुसावा आणि व्हॉल्यूम पुन्हा जोडावा. विंडोजवर सर्व संगणकांना त्या स्टोरेजसाठी एकच ड्राइव्ह अक्षर द्यावे.

प्रश्न : आमचे नेटवर्क 1 गिगाबिटचे आहे. चौघांना एकाच वेळी यूएचडी (3840×2160 आकाराच्या चित्राचे) संकलन करता येईल का?

उत्तर : मूळ फाइली प्रोरेस 422 एचक्यू या उच्च दर्जाच्या व्हिडिओ स्वरूपात असतील, तर नाही. सेकंदाला 25 फ्रेमच्या यूएचडी चित्राला या स्वरूपात सेकंदाला सुमारे 737 मेगाबिट, म्हणजे 92 मेगाबाइट लागतात, तर 1 गिगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात 110 मेगाबाइटच्या आसपास मिळतात. एका संकलकाचा एक प्रवाह कसाबसा चालेल, दोन कॅमेऱ्यांचे फुटेज एकत्र पाहताना तोही अडखळेल. आणि स्टोरेजकडून निघणारी तार एकच असेल, तर हीच मर्यादा चौघांत वाटली जाते. 1080 आकाराच्या प्रोरेस प्रॉक्सी फाइलींना (मूळ फुटेजच्या हलक्या प्रतींना) मात्र सेकंदाला 5 मेगाबाइटही लागत नाहीत, तेव्हा आहे त्या नेटवर्कवर प्रॉक्सीने संकलन करून अंतिम रेंडर तेवढा मूळ फाइलींवरून करणे हाच शहाणपणाचा मार्ग. 10 गिगाबिटचा खर्च करायचाच असेल, तर आधी चौघांच्या एकत्रित मागणीला डिस्क पुरतील का ते तपासावे, कारण फिरत्या डिस्कना एकाच वेळी अनेक ठिकाणचे वाचन करावे लागले की त्यांचा वेग बराच खाली येतो आणि रुंद तारही मग उपयोगाची राहत नाही.