छर्रे भरकटतात? स्प्रिंगला हात लावायच्या आधी हे बघ

डिचोलीच्या पावसात चार महिने कपाटात राहिलेली स्प्रिंगवाली एअर रायफल चवथीनंतर बाहेर काढली की नेम बिघडलेला दिसणारच. बहुतेकजण लगेच स्प्रिंग बदलायला धावतात. तू तसं करू नकोस.

आधी स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू बघ. स्प्रिंगच्या धक्क्यांनी ते सैल होतात आणि मग छर्रे वाटेल तिथे जातात. माझ्या पहिल्या रायफलीत पुढचा एक स्क्रू अर्धा फेरा ढिला होता, आणि मी दोन महिने स्वतःच्या हाताला दोष देत होतो. दुर्बीण लावली असेल तर तिची पकडही तपास.

मग नळी. कापडाची पट्टी ओढून गंज नि शिशाचा थर काढ. ४.५ मिमीचे दोन-तीन प्रकारचे छर्रे आणून प्रत्येकाचे १० मीटरवरून पाच-पाच बार कर. स्वस्त डब्यातले छर्रे एकसारखे नसतात.

ताकद कमी वाटते? नळी जिथे दुमडते त्या सांध्यावर टिश्यूची चिंधी ठेव आणि सुरक्षित लक्ष्यावर बार कर. चिंधी उडाली तर सांध्याचं सील गेलंय. चेंबरमध्ये, म्हणजे हवा दाबली जाते त्या भागात, खोबरेल किंवा मशीनचं तेल मात्र मुळीच घालू नकोस, दाबाने ते पेटतं आणि सील खराब होतं. छर्र्याशिवाय चापही ओढू नकोस.

आणि रायफल घट्ट आवळू नकोस. पुढचा भाग उघड्या तळहातावर टेकव, तिला मागे सरकू दे.