‘अनम्युटेटेड’ वाचून हायसे वाटले, पण...

प्रश्न : मी साताऱ्यात बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला आहे. त्यांच्या अहवालात ‘आयजीएचव्ही : अनम्युटेटेड’, म्हणजे ‘बदल नाही’, असे वाचून आम्हांला हायसे वाटले, डॉक्टर मात्र गंभीर झाले. असे अहवाल तयार करण्याच्या क्षेत्रात मला शिरता येईल का?

उत्तर : तुमच्या घरी झालेला गैरसमज अगदी स्वाभाविक आहे, कारण एरवी जनुकात बदल नसणे ही चांगली बातमी असते. येथे मात्र मोजला जातो तो बी-पेशीच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीच्या, आयजीएचव्ही या प्रतिपिंड जनुकातील बदल. निरोगी बी-पेशी लसिकाग्रंथीत प्रतिजनाशी, म्हणजे जंतूसारख्या परक्या घटकाशी, झुंजताना हे जनुक मुद्दाम बदलत जाते. कर्करोग झालेल्या पेशीत ते मूळ जनुकाशी ९८ टक्के किंवा त्याहून अधिक जुळत असेल, तर तिला ‘अनम्युटेटेड’ म्हणतात आणि असा आजार सहसा वेगाने वाढतो. सुमारे तीनशे डीएनए-अक्षरांच्या मजकुरात पाच-सहा अक्षरांचा फरक, एवढ्यावर हे ठरते. १९९९ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील संशोधकांच्या दोन गटांनी हा संबंध स्वतंत्रपणे दाखवला.

तथापि, हा निकाल म्हणजे भविष्यवाणी नव्हे. केमोथेरपीच्या काळात म्युटेटेड आणि अनम्युटेटेड रुग्णांत मोठी तफावत दिसे. २०१४ पासून या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांनी ती बरीच कमी केली आहे. शिवाय आयजीएचव्हीची स्थिती सहसा आयुष्यभर तीच राहते, तर पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या टीपी५३ या दुसऱ्या जनुकातील बिघाड पुढे उद्भवू शकतो. म्हणून त्याची तपासणी प्रत्येक नव्या उपचारापूर्वी पुन्हा करावी लागते. आजोबांच्या बाबतीत काय, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. निदानाच्या अहवालावर सही पॅथॉलॉजिस्टची असते आणि तो रस्ता एम.बी.बी.एस.मधून जातो, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. परंतु नमुन्यातून डीएनए वेगळा करणे, सीक्वेन्सिंग करणे (त्यातील अक्षरांचा क्रम शोधणे) आणि आलेला क्रम वाचणे ही कामे एम.एस्सी. आणि पीएच.डी. झालेली मंडळीच मोठ्या प्रमाणावर करतात. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, खारघरचे टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आणि मुंबईची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था ही जवळची ठिकाणे नजरेसमोर ठेवा. पदवीनंतर बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोइन्फर्मॅटिक्स (जैविक माहितीचे संगणकीय विश्लेषण) घ्यावे, असे मी सुचवेन, कारण माझ्या पाहण्यात या कामात मुले प्रयोगशाळेत फारशी अडत नाहीत, संगणकापाशी अडतात.

प्रवेशाची वाट पाहत थांबू नका. जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहातून एखादा प्रतिपिंड जनुकाचा क्रम उतरवून घ्या, फ्रान्समधील माँपेलिएच्या आयएमजीटी या प्रतिपिंड जनुकांच्या संकेतस्थळावरील व्ही-क्वेस्ट या मोफत साधनात टाका आणि मूळ जनुकाशी किती टक्के जुळणी येते ते पाहा. त्या आकड्यामागचे एकेक अक्षर तपासण्यात तुमची संध्याकाळ गेली आणि कंटाळा आला नाही, तर जॅम या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजी विषयाची तयारी सुरू करा; त्यात बारावीच्या पातळीचे गणितही असते, तेव्हा ते सुटले असल्यास आधी हाती घ्या.