पॅराथायरॉइडचं ऑपरेशन केलं की बसवलेली किडनी जाते का?

तुमच्या वडिलांच्या ट्रान्सप्लांटला दीड वर्ष झालंय. क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारा आकडा, चढला तर वाईट) 1.3; कॅल्शियम 11.6 आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) 420, हे दोन्ही जास्त. डॉक्टर मानेचं ऑपरेशन, म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी कमी करणं, सुचवतात आणि गुहागरात शेजारी म्हणतात, किडनी जाईल.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरूनच माझं अनेकांशी वाजतं. ऑपरेशननंतर क्रिएटिनिन चढतं, 1.3 चं 1.6 होऊ शकतं. चढलेल्या पीटीएचमुळे किडनीतला रक्तप्रवाह जास्त राहतो; ऑपरेशनने पीटीएच काही मिनिटांत उतरला की गाळण्याचा वेगही उतरतो. बहुतेकांत पुढे आकडा स्थिरावतो. म्हणून लगेच रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) समजून स्टेरॉइड मारू नये. आधी टॅक्रोलिमसची (रिजेक्शन टाळणाऱ्या औषधाची) पातळी, लघवीतलं प्रोटीन आणि शरीरातलं पाणी बघावं. उलट, 11.6 कॅल्शियम तसंच ठेवलं तर रक्तवाहिन्या आकसतात, लघवी जास्त होऊन पाणी कमी पडतं, किडनीत कॅल्शियम साचतं. ‘थांबून बघू’ हाही फुकटचा पर्याय नाही. पहिलं वर्ष थांबणं योग्य, कारण तेवढ्यात बऱ्याच जणांचं आपोआप उतरतं. ते वर्ष तुमचं संपलंय.

ऑपरेशनऐवजी पीटीएच उतरवणारी सिनाकॅल्सेटची गोळी असते, पण ती घेता तोवरच चालते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या चाचणीत 30 रुग्ण होते: ऑपरेशनच्या पंधराही जणांचं कॅल्शियम वर्षभराने नॉर्मल, गोळीवाल्या पंधरांपैकी दहांचं.

सर्जनला एकच विचारा: किती ठेवणार? साडेतीन ग्रंथी काढून अर्धी ठेवावी. ‘सगळ्या काढा, कटकट मिटवा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पीटीएच शून्याला टेकला की किडनीचं काम जास्त घसरतं आणि कॅल्शियम जन्मभर मागे लागतं. ग्रंथीचा तुकडा हातात रोवणार असतील तर फिस्टुलाचा (डायलिसिससाठी नस जोडलेला) हात सोडून.

खरा घोळ दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतो. जास्त पीटीएचने रिकामी केलेली उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांतली उलथापालथ दाखवणारा रक्तातला आकडा) आधीपासून जास्त असेल तर फारच. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, मग झटके. पहिले 48 ते 72 तास दर चार-सहा तासांनी आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम तपासलं पाहिजे. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या 10 मिलीच्या एका अँप्युलमध्ये जेमतेम 90 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून एका इंजेक्शनने भागत नाही, सलाइनमधून चालू ठेवावं लागतं. शिवाय कॅल्शियम कार्बोनेट 1 ते 2 ग्रॅम दिवसातून तीनदा आणि कॅल्सिट्रिऑल (तयार व्हिटॅमिन डी). मॅग्नेशियमही तपासायला सांगा. टॅक्रोलिमस ते लघवीवाटे घालवतो, आणि ते कमी असलं की कॅल्शियम वर येत नाही. नाचणीची आंबील जरूर द्या, पण 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपासच, तेव्हा गोळीची जागा ती घेणार नाही. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज घेऊन पावसात आंबा घाट उतरू नका. ऑपरेशन कोल्हापुरात झालं असेल तर तिथेच आठवडाभर राहा.

घसा दुखतो म्हणून गावात कुणी डायक्लोफिनॅकचं (किडनीला त्रास देणाऱ्या वेदनाशामकाचं) इंजेक्शन दिलं तर क्रिएटिनिन चढेल ते त्याने, आणि नाव ऑपरेशनचं होईल. पॅरासिटामॉलच घ्या. दुसरं, हाडं भरली की त्याच डोसने कॅल्शियम पुन्हा वर जातं आणि किडनी परत दबते. सुरुवातीला आठवड्याला तपासणी, मग आकड्याप्रमाणे गोळ्या कमी.

हे सगळं 1.3 वाल्यासाठी हं. मुळातच जीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग) 30 च्या खाली असेल तर थोडी घसरणही महागात पडते. तिथे नेफ्रॉलॉजिस्टशी वेगळं बोला.