रात्रपाळी, प्रार्थना आणि प्रभुभोजन

पत्र : ताई, मी नगर जिल्ह्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी असते. सकाळी घरी आल्यावर मुलांचे डबे आणि सासूबाईंचे औषधपाणी उरकून बायबल उघडते, पण अर्धा अध्याय होण्याआधीच डोळे मिटतात. आमच्या मंडळीतील भगिनी पहाटे चारला उठून प्रार्थना करतात. त्यांच्या साक्षी ऐकल्या की मला स्वतःची लाज वाटते. सासूबाईंना नीट ऐकू येत नाही. एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागली की मी तोंडातल्या तोंडात नको ते बोलते. त्यांना ते कळत नाही, पण प्रभूला कळतेच. गेल्या दोन प्रभुभोजनांच्या वेळी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या वेळी, मी मागच्या बाकावर बसून राहिले. माझ्यासारखीला पवित्र जीवन जगता येईल का? – एक भगिनी

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावात सलाम. तुमच्या पत्रात झोप आणि जीभ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिलीबद्दल तुम्ही स्वतःला विनाकारण दोष देत आहात. दुसरीबद्दल मात्र तुमचे मन तुम्हाला खरे तेच सांगत आहे.

झोपेबद्दल आधी लिहिते. एलीया संदेष्टा थकून, मरण मागत झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला प्रार्थनेत कमी पडल्याबद्दल बोल लावला नाही. त्याने भाकर आणि पाणी पुढे ठेवले, एलीयाला पुन्हा झोपू दिले आणि दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले. होरेब डोंगराची वाट त्यानंतरची आहे. रात्रभर रुग्णांपाशी उभे राहिलेल्या बाईने सकाळी झोपणे ही भक्तीतली कसूर नव्हे. पहाटे उठणाऱ्या भगिनींचा मला आदरच आहे, परंतु त्यांची पहाट म्हणजे तुमच्या कामाची वेळ आहे, आणि त्यांच्या घड्याळाने स्वतःला मोजण्याची आज्ञा पवित्र शास्त्रात मला कोठेही आढळत नाही. तुम्ही रात्रीच, वॉर्ड शांत असताना, 121 वे स्तोत्र म्हणत जा. ते आठच ओव्यांचे आहे आणि इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही, असे त्यात सांगितले आहे. रात्रपाळीच्या माणसाला याहून जवळचे वचन कोणते असेल? मात्र सुट्टीच्या दिवशी पुरेशी झोप झाल्यावर अर्धा तास प्रभूसाठी राखून ठेवा आणि तेवढा वेळ मुलांकडे पाहण्यास यजमानांना स्पष्टपणे सांगा. संसार दोघांचा आहे.

आपल्याकडे संजीवनाचा, म्हणजे मंडळीत नव्याने उसळणाऱ्या भक्तीचा, विषय निघाला की 1905 साली पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, झालेल्या जागृतीची आठवण निघते, आणि ती निघावीच. पण दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आसरा दिलेल्या त्या मुली विणकाम करीत, तेलाच्या घाण्यावर आणि छापखान्यात राबत, हे साक्षी देताना फारसे कोणी सांगत नाही. एकाच आवारात प्रार्थनाही होत होती आणि श्रमही होत होते. रमाबाईंनी त्या मुलींच्या हाताला काम देणे हा भक्तीतला अडथळा मानला नाही.

आता जिभेविषयी. लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय एकदा सावकाश वाचा. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा, असे परमेश्वर तेथे सांगतो, आणि पुढे जे सांगतो ते बहुतेक सगळे घरादारातले आणि व्यवहारातले आहे : शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका, वजनमापे खरी ठेवा. त्याच ओघात, मजुरीच्या लगोलग, बहिऱ्याला शाप देऊ नका अशी आज्ञा आहे. मला ती फार कठोर वाटते, कारण बहिऱ्याला ऐकू जात नाही, त्याला प्रत्युत्तर देता येत नाही आणि बोलणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. नेमके अशा ठिकाणी देवाचे भय धरा, असे ते वचन सांगते. भगिनी, तुमच्या पावित्र्याची खरी कसोटी तुमच्या स्वयंपाकघरात, सासूबाईंनी चौथ्यांदा विचारलेल्या त्याच प्रश्नापाशी लागते आहे. पहाटेच्या चार वाजता उठूनही ती चुकवता आली नसती.

म्हणून सासूबाईंजवळ बसा आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की मी तुमच्यावर चिडून वाईट बोलत होते, मला क्षमा करा. त्यांना हे माहीतच नसताना कशाला सांगायचे, असे मनात येईल. मला तरी वाटते की सांगावे, कारण त्यांच्या न ऐकण्याचा आडोसा तुम्ही घेत आला आहात. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले ते अशाच प्रसंगांसाठी.

आणि मागच्या बाकावर बसून राहू नका. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात आत्मपरीक्षण करण्यास सांगितले ते भाकर खाण्यासाठी आणि प्याल्यातून पिण्यासाठी, दूर राहण्यासाठी नव्हे. मन तरीही कचरत असेल, तर येत्या प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेबांना भेटा आणि हे सारे त्यांच्याशी बोला.

एक साधी गोष्ट राहिली. सासूबाईंच्या कानांची तपासणी कधी झाली आहे का, याचा उल्लेख पत्रात नाही. तुमच्या रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर असतील तर याच आठवड्यात त्यांना दाखवा. मळ साचला असेल तर तो काढता येईल, आणि श्रवणयंत्राची गरज असेल तर तेही कळेल.