निळ्या रात्रीची फाईल सोमवारी देऊ नका

ताई, पोरांना निजवायच्या पुस्तकाची तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. छोट्या राक्षसाची झोपायची तयारी, दात घासणं, शिंगं पुसणं, शेपटी पांघरुणात घेणं. सगळी पानं गडद निळी, त्यावर पांढरी अक्षरं, चित्रं टॅबवर काढलेली आणि फाईल सोमवारी प्रेसला. अगदी हेच पुस्तक मी केलंय. माझ्या राक्षसाला शेपटी नव्हती, एवढाच फरक.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं, विचारलंय, ते फुकट मिळतं. अर्ज ऑनलाइन, आपला आपण करायचा, मधल्या कुणाला पैसे देऊ नका. ३० पानांची ३२ करा, सेंटर पिनला, म्हणजे मधोमध पिना मारून बांधायला, ४ च्या पटीत पानं लागतात. बाकी तुम्हाला माहीत असेलच.

आता खरं दुखणं. माझी रात्र टॅबवर अशी काही दिसायची की मीच बघत बसायचो. पण टॅबच्या काचेला मागून उजेड असतो, कागदाला कुठला? स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा छपाईच्या चार शायांत बसतच नाही. फाईल सीएमवायकेत, म्हणजे त्या चार शायांच्या हिशेबात, गेली की मळतो, जांभळट होतो. हे कानावर आलं होतं, नाही असं नाही. प्रेसमध्ये विचारलंही, "एखादं पान प्रूफ म्हणून आधी छापून बघायला मिळेल का?" "कशाला, होतंय की!" मी गप्प बसलो, कारण प्रूफचे पैसे वेगळे पडणार होते. ३०० प्रती आल्या. जांभळा राक्षस जांभळट अंधारात, दिसतात फक्त डोळे आणि दात. झोपायला चाललाय की कुणाला खायला, कळेना.

अक्षरांचं तर विचारूच नका. पांढरं अक्षर म्हणजे शाई न लागलेला कागद. भोवतीची एक शाई केसभर जरी सरकली तरी बारीक जागा बुजते, आणि आपल्या लिपीत टिंबं, रफार, मात्रा किती! त्यात मी हौसेनं नाजूक फॉन्ट घेतलेला. 'अंगाई'ची 'अगाई' झाली, 'पांघरूण'चं 'पाघरूण'.

कहर रात्री झाला. बायकोनं झिरो बल्बच्या उजेडात लेकीला वाचून दाखवायला घेतलं आणि दुसऱ्याच पानाला ट्यूब लावावी लागली. पोरगी टक्क जागी. निजवायचं पुस्तक, आणि वाचायला ट्यूब! मी ते कायम भर दिवसा खिडकीशी बसून तपासलेलं.

मी छपाईतला माणूस नव्हे, उद्यमनगरात लेथवर असतो, तेव्हा जाणकारालाही विचारा. पण माझं मत असं. सगळ्यात गडद पान आणि शेवटचं पान पुस्तकाच्याच कागदावर छापून घ्या आणि रात्री मंद दिव्यात घरातल्या आजीला वाचायला द्या. आजी अडखळली की फाईल परत. अक्षरं अंधारात ठेवूच नका. चादर, उशी, भिंत, काहीतरी फिकट असतंच, तिथं ठेवा. काळी, आणि फक्त काळ्या शाईत, चारही मिसळून नव्हे. रात्र दाखवायला सगळं निळंच लागतं हेही मला पटत नाही. खिडकी निळी करा, खोलीत दिव्याचा पिवळा राहू दे.

अवांतर: तुमच्या पोस्टखाली कुणीतरी "पोरांना राक्षस कशाला" म्हणालंय. अहो, आपलं कोल्हापूरच कोल्हासुर राक्षसाच्या नावाचं! ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर त्याच्यासाठी कोहळा फोडतात, आणि अंबाबाईलाही रोज शेजारती करून निजवतात. मग राक्षसाच्या पोरानं जागंच राहायचं काय?

सोमवार चुकला तर प्रेसवाले ओरडतील, ओरडू देत. माझ्या निम्म्या प्रती अजून दिवाणाखाली आहेत. त्यांना दाखवायला हवी असेल तर एक घेऊन जा.